काटे आवर, मी आलोय

डोंगराच्या उतारावर, करवंदीच्या दाट जाळीखाली खोल बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर; अंगभर लांबलांब काटे असतात ना, तेच. या साळूची एक रीत होती आणि ती तिच्या आजीपासून चालत आलेली होती. बिळाशी कुणीही आलं की ती आतूनच काटे फुलवून विचारायची, "कोण? कुठून आलात? काय काम काढलंत?" तिन्ही उत्तरं पटली तरच ती बाहेर यायची. शेजारचा ससा कंदमुळं द्यायला आला तरी त्याची यातून सुटका नसे. "अहो मावशी, कालच तर येऊन गेलो!" तो कुरकुरायचा. "काल तू होतास, म्हणून आजही तूच असशील कशावरून?" साळू आतून म्हणायची. आता बोला!

एकट्या तिच्या नवऱ्याला मात्र ही चौकशी माफ होती. बीळ दिसायच्या आधीच तो लांबून ओरडायचा, "अगं, काटे आवर, मी आलोय!" आणि साळूचे काटे आपोआप खाली यायचे. पण गेल्या उन्हाळ्यात तो वारला. मुलगी त्याआधीच नदीपलीकडच्या रानात संसाराला लागली होती. साळू एकटी पडली, फार एकटी पडली. कंद उकरताना ती अजूनही सवयीने दोघांपुरते उकरायची आणि उरलेले तसेच बाजूला ठेवून द्यायची. शेजारी येत, पण दाराशीच दोन शब्द बोलून ती त्यांना वाटेला लावायची. हळूहळू त्यांचंही येणं कमी झालं.

त्या रानात तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर आले होते. हसू नका, मुलांनो. साळूला बोलता येतं हे मघाशी मुकाट्याने मान्य केलंत, तर आता हेही करा. साळूच्या बिळातला कॉम्प्युटर तिच्या मुलीने बसवून दिला होता, आणि एकदा गंमत म्हणून तिने बाबांची ती हाक त्यात भरून ठेवली होती. नवरा गेल्यापासून साळू रोज संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसून ती हाक लावायची. "अगं, काटे आवर, मी आलोय!" बीळभर आवाज घुमायचा, काटे खाली यायचे, आणि मग कुठे तिला घास गोड लागायचा. त्या एवढ्याशा हाकेवर तिचा दिवस निभायचा.

मुलीने निघताना बजावून सांगितलं होतं, "आई, अनोळखी ईमेल उघडू नकोस. त्याला जोडून फाईल आली असेल तर तिला हातसुद्धा लावू नकोस. अँटिव्हायरस नवा करा अशी सूचना आली की लगेच कर. आणि बाबांच्या हाकेची एक प्रत दुसरीकडे ठेवून दे. यंत्राचं काही खरं नसतं."

"हो गं बाई, हो," साळू म्हणाली होती. पण ती सूचना नेमकी हाक ऐकायच्या वेळेलाच पडद्यावर कडमडायची. साळू वैतागून ती बाजूला सारायची आणि म्हणायची, "नंतर बघू." प्रत ठेवायचंही असंच राहून गेलं.

सुरुवातीला मुलीची ईमेलं भराभर आली. मग तिला पिल्लं झाली, ईमेलं आखूड झाली, आणि पुढे पुढे तर नुसतीच वाट पाहणं उरलं. साळू सकाळी उठून पाही, दुपारी पाही. ईमेलची पेटी रिकामीच असायची.

असंच एका दुपारी तिने पाहिलं, तर पेटीत एक ईमेल! पाठवणाऱ्याचं नाव कधी न ऐकलेलं होतं. आत लिहिलं होतं, "कुणीतरी तुझी खूप आठवण काढतंय. कोण ते पाहायचंय? सोबतची फाईल उघड."

साळू पडद्याजवळ सरकली. माझी आठवण! कोण काढत असेल? शेजारच्या सशाला दाराशी ताटकळत ठेवणारी ही साळू, पण इथे तिने कोण विचारलं नाही, कुठून विचारलं नाही, काय काम तेही विचारलं नाही. सरळ फाईल उघडली. आत काहीच नव्हतं, नुसतं कोरं पान. "म्हणजे कुणीच आठवण काढत नाही तर," ती स्वतःशीच म्हणाली. संध्याकाळी तिने नेहमीसारखी हाक लावायला घेतली. पडदा थरथरला, काळा झाला, आणि हाक काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माकडाला बोलावलं. माकडाने यंत्र उलटंपालटं केलं, डोकं खाजवलं आणि म्हणालं, "व्हायरस शिरलाय, मावशी. त्या फाईलमधूनच आला. तुमचं आतलं सगळं त्याने खाऊन टाकलं."

"आणि हाक?"

"तीही गेली. दुसरीकडे कुठे ठेवली होतीत का?"

"नंतर बघू म्हटलं होतं," साळू म्हणाली. माकडाने मान खाली घातली. "आणखी एक सांगतो, रागावू नका. हा एवढ्यावर थांबत नाही. तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना तुमच्या नावाने तेच ईमेल गेलं असणार."

त्याचं बोलणं पुरं होतंय न होतंय तोच बाहेर गलका झाला. साळूने सवयीने काटे फुलवले आणि आतून विचारलं, "कोण? कुठून आलात? काय काम काढलंत?"

बाहेर ससा आणि शेजारचीच एक खार उभे होते. ससा एरवी किती गरीब, पण आज त्याचा तोल सुटला. "अजून आमचीच चौकशी? अहो, वर्षानुवर्षं आम्ही या दाराशी नाव-गाव सांगत उभे राहतोय! आणि त्या कुठल्या कोण ईमेलला एक प्रश्न विचारवला नाही तुम्हाला? आमचेही कॉम्प्युटर गेले की हो!"

साळू बाहेर आली. तिचे काटे केव्हाच खाली आले होते. "चुकलं माझं," ती म्हणाली. "माझी कुणी आठवण काढतंय असं त्यात लिहिलं होतं, म्हणून उघडलं. पण तुम्ही का रे उघडलंत?"

सशाचा राग एकदम ओसरला. कान पाडून तो म्हणाला, "वर तुमचं नाव होतं, मावशी. काका गेल्यापासून तुम्ही कुणाशी धड बोलला नाहीत. वाटलं, तुम्ही आमची आठवण काढलीत."

"मी तर हातातलं टाकून धावले उघडायला," खार हळूच म्हणाली.

माकडाने सगळ्यांचे कॉम्प्युटर धुऊनपुसून चालू केले, नवे अँटिव्हायरस घातले आणि महत्त्वाच्या गोष्टींची प्रत वेगळी ठेवायला शिकवलं. शिवाय रानात एक नवी रीत ठरली. फाईल जोडलेलं ईमेल आलं, मग ते ओळखीच्या नावाने का असेना, आधी त्याच्या दाराशी जाऊन विचारायचं, "हे तूच पाठवलंस ना?" आणि मगच उघडायचं. लांबच्यांना फोन करायचा. साळूने मुलीला फोन केला आणि दोघी हाकेसाठी पोटभर रडल्या. मुलीकडेही तिची प्रत नव्हती.

करवंदं पिकली तेव्हा साळूने त्यांचा फोटो सगळ्यांना पाठवला. ससा येऊन विचारून गेला, खार येऊन गेली. दिवस बरा गेला. पण संध्याकाळ झाली, हाकेची वेळ झाली, आणि साळू पुन्हा त्या मुक्या पडद्यापुढे जाऊन बसली.

तेवढ्यात बाहेरून एक जाडसर, संथ आवाज आला.

"अगं, काटे आवर, मी आलोय!"

साळूचे काटे आपोआप खाली आले. हाक ओळखीची होती, तरीही तिने विचारलं. अनुभवाने शिकली होती ना! "कोण? कुठून आलात? काय काम काढलंत?"

"मी कासव. तळ्यावरून आलोय. सकाळी निघालो होतो, आत्ता पोचतोय."

साळू बाहेर आली. "दादा, ही हाक तुम्हाला कशी ठाऊक?"

"कशी म्हणजे? रोज माझ्या तळ्यावरूनच घरी यायचा की तो! इथली वाट लागली की ओरडायला सुरुवात. आम्हा सगळ्यांनाच पाठ आहे ती. तू कधी कुणाला आत बसवलं असतंस तर ऐकवली असती." कासव जरा दम खाऊन म्हणालं, "बरं, मी ज्यासाठी आलो ते राहिलंच. तो करवंदांचा फोटो तूच पाठवलास ना?"

"हो दादा, मीच," साळूने डोळे पुसले आणि दोघांपुरते उकरलेले कंद त्याच्यापुढे सरकवले. "आता आलाच आहात तर बसा."

तात्पर्य : दाराशी आलेल्याला जे विचारता, ते ईमेलमधून आलेल्यालाही विचारा, आणि आपल्या माणसाची आठवण आली तर पडद्यापुढे वाट पाहत न बसता त्याच्या दाराशी जा.