ठकूबाईची भवानी

ऐका. भोकरमाळला सडक नव्हती आणि घरटी एक गडी पलटणीत होता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला.

त्या गावात ठकूबाई नावाची बाई होती. तिचा नवरा पलटणीत गेला तो परत आला नाही. त्याचा फेटा तेवढा आला. तेव्हापासून बाजारच्या दिवशी ठकूबाई आपली देवळामागच्या फरशीवर बसून राहायची. सगळ्या दुकानांची भवानी झाली, म्हणजे पहिला माल विकला गेला, की मगच बाजारात शिरायची. विधवेच्या हातची भवानी अपशकुनी, असं लोक मानायचे. तिथं बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. पण ऊठ असंही कुणी म्हटलं नव्हतं.

अशात हैबती अकरा वर्षांनी पलटणीतून घरी आला. पायानं लंगडा झालेला, पण हात शाबूत. पलटणीत तो तंबू शिवायचा. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, चंद्रानं, मिळून बैलांच्या झुली शिवल्या आणि चिंचेखाली दुकान मांडलं. झुली अशा की बघत राहावं. पण हा गडी पहाऱ्यावर असल्यासारखा ताठ बसायचा. हाक नाही, हसू नाही. एकानं झुलीला हात लावला, तर त्यालाच दरडावून नाव-गाव विचारलं. कोण कशाला घेतंय मग? तीन बाजार गेले, भवानी झाली नाही.

पारापाशी भरतीवाला बसायचा. तंबू शिवायला पलटणीला लंगडा माणूसही चालत होता. हैबती बायकोला म्हणाला, चौथा बाजार असाच गेला तर मी परत नाव घालतो. अकरा वर्षं वाट बघितली होती तिनं. आणखी बघायची ताकद नव्हती.

चौथ्या बाजारी ती तडक देवळामागं गेली आणि ठकूबाईला म्हणाली, आमची भवानी तुम्ही करा. ठकूबाई दचकलीच. याड लागलंय का तुला, म्हणाली, आहे ते दुकानही बसेल. चंद्रा हलली नाही.

"मावशी, तुमचा धनी परत आला असता, तर त्यानंही दुकान मांडलं असतं. त्याची भवानी करायची राहिलीय तुमची."

ठकूबाई पदरानं डोळे पुसून उठली.

दुकानापुढं येऊन तिनं आधी हैबतीला झाडलं. "ऊठ. इथं कुणी चाल करून येत नाही. गिऱ्हाईक आहे ते, हाक मार त्याला."

हैबती उठला आणि त्यानं अशी हाक दिली, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं खाली उतरली, असं म्हणतात. ठकूबाईनं ओच्यातले पसाभर हुलगे त्याच्या पुढ्यात ओतले आणि एक झूल उचलली. बैल तर तिच्याकडं नव्हता. मग तिनं ती आपल्याच अंगावर घेतली आणि चालू लागली बाजारातून.

आता बुडालं यांचं दुकान, बायका कुजबुजल्या. तेवढ्यात आभाळ फाटलं. गारा काय, पाऊस काय! माणसं सैरावैरा पळाली, गूळ विरघळला, मिठाचं पाणी झालं. ठकूबाई मात्र सावकाश अख्खा बाजार फिरून परत आली. झूल तंबूच्या टाक्यानं शिवलेली. आत थेंब गेला नव्हता. तिच्या पायांवरची धूळसुद्धा कोरडी होती, असं म्हणतात.

दिवस मावळायच्या आत एक झूल उरली नाही. भरतीवाला आपली चटई गुंडाळून गेला. चंद्रा रडली, हसली, पुन्हा रडली. बिचारीचा घोर मिटला एकदाचा.

पुढं पलटणीतून जो परतला, त्याच्या दुकानाची भवानी ठकूबाईनं केली. ज्यांचे गडी अजून लांब होते, त्या बायकांनी दोर, घोंगड्या, पापड असं काय काय मांडलं, त्यांचीही केली. त्यातलं एकही दुकान बसलं नाही, असं म्हणतात.

आजही भोकरमाळात फौजीनं किंवा त्याच्या बायकोनं काही सुरू केलं, पिठाची गिरणी असो की मोबाईलचं दुकान, तर पहिलं गिऱ्हाईक म्हणून वीरपत्नीला मानानं आणतात. मालकानं उभं राहून खणखणीत हाक द्यायची. वस्तू कितीही महागाची असो, तिच्याकडून पसाभर हुलगेच घ्यायचे. मोबाईलवाला मनातल्या मनात कुरकुरत असेल, पण घेतो.

बाजार अजून भरतो. देवळामागची ती फरशी मात्र रिकामी असते. तिथं आता कुणाला बसू देत नाहीत.