परत मागितलेला हुंकार

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी, ते मला सांगता येणार नाही. तेव्हा रात्री आजच्यापेक्षा काळ्या होत्या आणि आभाळात चांदण्या जास्त दिसत, एवढं ऐकलेलं आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त ऐकावी.

एका माळावर विणकरांचं गाव होतं. घराघरात माग. दिवसभर धोट्यांची खटखट चाले. त्या गावच्या माणसांची नजर एका गोष्टीला फार तयार होती. कापडात एक धागा चुकला, तर तो त्यांना लांबून दिसे. दिसला की चैन पडत नसे. जेवण टाकून उठतील, पण तो धागा काढतील.

त्या गावात एक कथेकरी होता. तोही विणकरच. पण संध्याकाळी माग थांबले, की तो पारावर येऊन बसे आणि गोष्टी सांगे. इतर कथेकरी होऊन गेलेल्या राजांच्या गोष्टी सांगत. हा पुढे होणाऱ्या दिवसांच्या सांगे. माणसं तांब्याच्या नावा करतील आणि त्यात बसून चांदण्यांवर जातील. वाट लांबची म्हणून काचेच्या पेटीत निजतील. निजलेल्याचं वय वाढणार नाही. विहिरी बोलतील, समुद्र घड्यात मावतील. एक गोष्ट संपली की तिच्यातूनच दुसरी निघे. वर्षानुवर्षं गाव ऐकत आलं होतं.

त्या गावात गोष्ट ऐकण्याची एक रीत होती. कथेकऱ्याने एक वाक्य सांगायचं, थांबायचं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने ‘हूं’ म्हणायचं. हुंकार मिळाला की गोष्ट पुढे सरके. नाही मिळाला, तर तिथेच थांबे. ज्याने पहिला हुंकार दिला, त्यानेच शेवटपर्यंत द्यायचा. आणि हुंकार मिळालेलं वाक्य खरं झालं असं सगळे मानत. ते मग कथेकऱ्यालाही फिरवता येत नसे.

या लांबलचक गोष्टीला पहिला हुंकार एका म्हातारीने दिला होता. ती मागांसाठी कांड्या भरून पोट भरत असे. दिवसभर सूत गुंडाळायचं आणि संध्याकाळी उरलेली कांडी हातात घेऊनच पारावर यायचं. हात चालू आणि तोंडाने ‘हूं’.

तिची एकच मुलगी. नक्षी विणण्यात तिचा हात कुणी धरला नसता. एका वर्षी व्यापाऱ्यांचा तांडा आला. लांबच्या देशात राणीसाठी शेला विणायला चांगली विणकरीण हवी होती. मुलगी तांड्याबरोबर गेली. शेला झाला की येते म्हणाली. आली नाही. निरोपही आला नाही. म्हातारी रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त थापायची आणि झाकून ठेवायची. सकाळी तीच शिळी भाकरी स्वतः खायची. गावात कुणी त्याबद्दल तिला काही विचारत नसे.

कथेकऱ्याच्या गोष्टीतही एक मुलगी होती. तिचं नाव उजळा. सगळ्यात दूरच्या चांदणीवर जाणाऱ्या नावेत ती बसली होती, आणि तिची आई खाली पृथ्वीवर राहिली होती. एका संध्याकाळी गोष्ट सुरू व्हायच्या आधीच म्हातारी बोलली. एरवी ती ‘हूं’शिवाय काही बोलत नसे.

“बाबा, त्या उजळेला एकदा घरी आण की.”

कथेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी सांगायचं ठरवलेलं बाजूला ठेवलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, की उजळेची नाव माळावर उतरली. ती धावत घरी गेली. आई चुलीपुढे बसली होती. आईने मान वळवली आणि म्हणाली, हात धू आधी, भाकरी गरम आहे.

म्हातारीने ‘हूं’ म्हटलं. तो हुंकार पाराच्या पलीकडे रस्त्यापर्यंत ऐकू गेला. त्या दिवसापासून ती जरा ताठ चालू लागली.

पुढे गोष्ट वाढतच गेली. आणि वाढली तशा तिच्यात गाठी पडू लागल्या. विणकरांचंच गाव ते. त्यांना चुका दिसणारच.

तिथे एक रंगारी होता, जिभेचा तिखट. एकदा तो म्हणाला, “अण्णा, दुसरा चंद्र तुम्ही मागच्या थंडीत फोडलात. मग काल त्याच्या उजेडात लग्न कुणाचं लावलंत?”

सगळे हसले. कथेकरीही हसला. पण घरी गेल्यावर त्याला झोप आली नाही. काही दिवसांनी कुणी विचारलं, बोलणारी विहीर आटली होती ती बोलली कशी. मग कुणी विचारलं, राजाचा नातू राजाच्या आधी म्हातारा कसा झाला. रंगारी तर त्याला पाहिलं की विचारी, “काय अण्णा, आज कोण मेलेला जेवायला येणार?”

कथेकऱ्याला ते लागलं. त्याने ठरवलं, एकदा सगळ्या गोष्टींचा काळ नीट लावायचा. आधी काय झालं, नंतर काय झालं, कोण किती जगलं. लिहिणं त्याला येत नव्हतं. तो आपल्याला येत होतं तसं करायला बसला. घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्याने मागावरच्या उभ्या सुतासारखा एक लांब ताणा ताणला. तो ताणा म्हणजे काळ. त्यावर जन्माला पांढरा धागा बांधला, मरणाला काळा, प्रवासाला निळा. चंद्र कधी फुटला, विहीर कधी आटली, सगळ्याच्या गाठी मारल्या. चुकली की सोडली, पुढे सरकवली, परत मारली.

त्या कामात त्याला सुख मिळालं, हे खरं आहे. गोष्टी एकमेकींत बसू लागल्या. लग्न चंद्र फुटायच्या आधी गेलं. विहिरीला एक चांगला पाऊस मिळाला. बारीकसारीक गोष्टींसाठी तो म्हातारीकडे जाई, मावशी एवढं बदललं तर चालेल का विचारी, आणि ती हसून होकार देई. लोक येऊन ताणा बघत. रंगारीही आला, बोटाने धागे मोजत गेला, आणि काही न बोलता परत गेला. त्याचं न बोलणं म्हणजे शाबासकीच.

सगळं जुळलं. एक गाठ तेवढी राहिली.

उजळेच्या चांदणीची वाट लांबची. नाव निघाली तेव्हा माळावर वडाचं बी पेरलं होतं आणि ती परतली तेव्हा त्या वडाच्या पारंब्यांचे वड झाले होते, असं त्याने फार पूर्वी सांगितलं होतं. उजळा काचेच्या पेटीत निजली होती. तिचं वय वाढलं नाही. पण आई जागी होती. आईचा धागा त्याने कितीही ओढला, तरी तो मुलीच्या परतण्यापर्यंत पोचेना. मध्ये रिकामा ताणा राही. चुलीपुढे बसलेली ती आई तिथे असणंच शक्य नव्हतं.

त्याने चांदणी जवळ आणून पाहिली, तर निम्म्या गोष्टी उसवल्या. आईलाही काचेत निजवावं म्हटलं, तर पेट्या सगळ्या नावांतून गेल्याचं आधीच सांगून झालं होतं.

बायको त्याला म्हणाली, “राहू द्या ना तेवढं. एक धागा चुकला म्हणून काही कापड फेकून देत नाहीत. पांघरता येतंच.”

रंगाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “एवढं सगळं सरळ केलंत आणि हाच धागा ठेवणार? मला तर तिथेच दिसत राहील.”

कथेकऱ्यालाही तिथेच दिसत होतं. जेवताना, विणताना, डोळे मिटले तरी.

शेवटी तो म्हातारीकडे गेला. दिलेला हुंकार परत घ्यायची त्या गावात एकच वाट होती. ज्याने दिला, त्याने सगळ्यांसमोर म्हणायचं, ते मी ऐकलं नव्हतं. मग ते वाक्य गोष्टीतून जाई. आधीच्या बारीकसारीक बदलांसाठी म्हातारीने तसं हसत म्हटलंही होतं, आणि ते कुणी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ही गोष्ट तशी नाही, हे त्याला कुठेतरी कळत असावं. कारण तो उंबऱ्यातच बराच वेळ उभा राहिला.

म्हातारी तव्यावर दुसरी भाकरी टाकत होती. त्याने तिला सगळं समजावलं. वड, वाट, काचेची पेटी. तिने नीट ऐकून घेतलं.

“मग ती आई?” तिने विचारलं.

“ती आधीच गेलेली असते, मावशी.”

“हे कुणी सांगितलं?”

“काळ लावला की तसंच येतं.”

तव्यावरची भाकरी करपली.

“आणि पोरगी येते तेव्हा?”

“येते. पण दार उघडायला कुणी नसतं.”

तिने तवा खाली उतरवला. “तुझं काम या एका गाठीपायी अडलंय का रे?”

“हो मावशी.”

“बरं,” ती म्हणाली. तिला त्याची माया होती. मुलगी गेल्यावर रोज संध्याकाळी तिच्याशी बोलणारं माणूस तेच एक होतं, जरी ते चांदण्यांबद्दल बोलत असलं तरी.

दुसऱ्या दिवशी पारावर ती उभी राहिली. हातात कांडी होती. कांडीकडे बघत ती म्हणाली, “उजळेची आई चुलीपुढे बसली होती, ते मी ऐकलं नव्हतं.”

लोकांनी माना डोलावल्या. कथेकरी घरी गेला आणि त्याने ती शेवटची गाठ सोडली. आईचा काळा धागा जिथे बसायचा तिथे बांधला. ताणा इकडून तिकडे निर्दोष झाला. बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने ती गोष्ट नव्याने सांगायला घेतली. नाव माळावर उतरली. ‘हूं’ आला, पण बारीक. उजळा घराकडे गेली. तो थांबला. ‘हूं’ आणखी बारीक आला. घराच्या जागी माती होती. तो थांबला.

हुंकार आला नाही.

सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. ती मान खाली घालून कांडी फिरवत होती. कांडीवर सूत नव्हतं. ती नुसतीच फिरवत होती. कुणी तिला हलवलं नाही. गोष्ट तिथेच थांबली, आणि लोक एकेक करून उठले.

शेजारणीच्या लक्षात आलं, की म्हातारी आता एकच भाकरी थापते. मग तिने तीही थापायची सोडली. तिला ताप नव्हता, कुठे दुखत नव्हतं. वैद्य आला, नाडी बघितली आणि पिशवी न उघडता गेला.

कथेकरी धावत गेला. तिच्या उशाशी बसला. म्हणाला, “मावशी, माझं चुकलं. ती आई असते. चुलीपुढेच असते. मी परत सांगतो, तुम्ही फक्त हूं म्हणा.”

म्हातारीने त्याच्या हातावर हात ठेवला. तिला राग आलेला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

“आता नको रे बाबा,” ती म्हणाली. “तू बरोबरच सांगितलंस. मला काळ मोजता येत नव्हता तोवर ठीक होतं. आता तू मोजून दाखवलास. आता कसं ऐकू?”

ती गेली. तिचं सरण माळावर रचलं. तांड्याच्या वाटेकडे कुणीतरी उगीच बघितलं. वाट रिकामी होती. पुढेही ती रिकामीच राहिली. तिची मुलगी आली असं मी कधी ऐकलं नाही.

गावाने काही दिवस गोष्टीची वाट पाहिली. मग रंगारी स्वतःहून पारावर आला आणि म्हणाला, “अण्णा, नवी गोष्ट सांगा तुम्ही. आज हुंकार मी देतो.”

कथेकऱ्याने एक वाक्य सांगितलं आणि थांबला. रंगाऱ्याने तोंड उघडलं. त्याची जीभ कधी कुणापुढे अडली नव्हती. ती त्या दिवशी अडली. तो तसाच उठला, आणि पुन्हा पारावर बसला नाही.

कथेकऱ्याच्या घरात तो ताणा पुष्कळ दिवस होता. त्यात एकही चूक नव्हती. सुताला कसर लागली, पांढरे धागे पिवळे पडले, तरी चूक नव्हती. काही लोक सांगतात, की संध्याकाळी तो म्हातारीच्या बंद घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. आई चुलीपुढे बसली होती, एवढंच वाक्य सांगे, आणि थांबे. आतून काही येत नसे. तो पुन्हा तेच सांगे. अंधार पडला की उठून घरी जाई.

म्हणून एवढं लक्षात ठेवा: कुणाच्या गोष्टीतली चूक काढण्याआधी, त्या चुकीला धरून कोण उभं आहे ते बघावं.