सूर धरणारा उपाध्यक्ष

फार पूर्वी, राजे संपले होते पण लोकांची राजांची सवय अजून संपली नव्हती, अशा काळात डोंगरात एक छोटा देश होता. तिथे दर पाच वर्षांनी लोक अध्यक्ष निवडत. नियम असा, की अध्यक्षाने एकट्याने उभं राहायचं नाही. उपाध्यक्ष म्हणून कुणीतरी जोडीदार घ्यायचा आणि लोकांनी मत द्यायचं ते जोडीला.

तिथला किल्लेदार तीनदा निवडून आला होता. त्याचा जोडीदार म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा. दाजी बोलले की मान डोलवायची, एवढंच त्याला काम. तेवढं मात्र तो मन लावून करी.

या खेपेस किल्लेदारासमोर उभा राहिला एक सनईवाला. लोक पोट धरून हसले. पण सनईवाला म्हणजे लग्नकार्यात घरोघर फिरलेला माणूस. वाजंत्र्यांची पंगत सगळ्यांत शेवटी बसते. त्यामुळे कुणाच्या पातेल्याच्या तळाशी काय उरतं, ते त्याला बरोबर ठाऊक होतं. नदीपलीकडच्या गावांत तर काहीच उरत नसे. नदीला पूल नव्हता. पिकलेलं धान्य बाजारात पोचत नव्हतं, आणि पावसाळ्यात आजाऱ्यापाशी वैद्य पोचत नव्हता. हे बघून त्याचा जीव तुटायचा, म्हणून तो उभा राहिला.

आता जोडीदार कोण घ्यायचा? धान्याचा बडा व्यापारी आपण होऊन दारात आला. "मला घ्या. प्रचाराला चाळीस बैलगाड्या देतो. तुम्ही तोंड उघडलंत की टाळ्या वाजवणारी माणसंही माझीच."

सनईवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला बोला, कुणाच्याही सुटलं असतं.

जेवण वाढताना बायको म्हणाली, "अहो, तीस वर्षं ज्याच्या भरवशावर वाजवलंत, त्याला विचारलंत का?"

तो म्हणजे सूर धरणारा. सनईवाला नाना तऱ्हांनी वाजवत असतो, तेव्हा शेजारी बसून हा गाल फुगवून एकच सूर धरतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. हार पडतो तो सनईवाल्याच्या गळ्यात. पण सनईवाला जरा जरी घसरला, तर त्या एका सुरामुळे ते लगेच उघडं पडतं.

सूर धरणारा सगळं ऐकून कसनुसा हसला. "दादा, मला भाषण येत नाही. आणि आधीच सांगतो, तुम्ही वाहवत गेलात तर मी मागून वाहवत येणार नाही. आहे तिथेच राहीन. चालेल?"

"न चालायला काय झालं?" सनईवाला म्हणाला. घरात बसून ते सोपं वाटलं.

शेवटची सभा नदीकाठी भरली. लोक झाडांवर चढून बसले होते. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या आणि सनईवाल्याला चेव आला. "मला निवडून द्या, येत्या पावसाळ्याआधी इथे पूल उभा करतो!"

"नाही होणार, दादा," शेजारून आवाज आला. "नुसते खांब उभे राहायलाच दोन उन्हाळे लागतील."

टाळ्या-शिट्ट्या थांबल्या. गंमत बघायला आलेला किल्लेदाराचा मेहुणा तेवढा खो खो हसला. "घ्या! घरचाच माणूस खोटं पाडतोय!"

सनईवाल्याच्या कानशिलांना आग लागली. याला आत्ताच्या आत्ता नदीत ढकलावं, असंही त्याला वाटून गेलं. थट्टेवारी नेलं असतं, तर वेळ निभावली असती. पण समोर बसलेली माणसं पुलाच्या नावाने तीनदा फसलेली होती. त्यांना चौथ्यांदा फसवायचं त्याच्या जिवावर आलं.

"हा म्हणतो ते खरं आहे," तो म्हणाला. "मी टाळ्यांना भुललो. दोन उन्हाळे लागतील. पण पहिल्या उन्हाळ्यातच काम सुरू करीन."

लोक टाळी न वाजवताच पांगले.

"गेलं सगळं," सनईवाला म्हणाला.

"गेलं तर गेलं. लग्नसराई आहेच की," सूर धरणारा म्हणाला आणि भाकरीचं गाठोडं सोडून बसला.

पण दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर एक म्हातारी बोलून गेली, "किल्लेदार तीनदा पूल देतो म्हणाला, मेहुण्याने तीनदा मान डोलावली. या सनईवाल्याला निदान अडवणारा कुणीतरी आहे. आणि बाई, तो अडतोसुद्धा!"

ते बोलणं गावोगाव पसरलं. थोडक्या मतांनी का होईना, सनईवाला निवडून आला.

पुलाचं काम पहिल्या उन्हाळ्यातच सुरू झालं. पण दुसऱ्या वर्षी पुरात एक खांब वाहून गेला. तेव्हा कुणी विचारायच्या आत अध्यक्ष स्वतः जोडीदाराला घेऊन नदीपलीकडे गेला. "माझा अंदाज चुकला," तो म्हणाला. "आणखी एक उन्हाळा लागेल."

सूर धरणारा शेजारीच उभा होता. त्याला तोंड उघडावं लागलं नाही.

"लागू दे की," गावकरी म्हणाले. "आम्ही थांबतो."

तात्पर्य काय, तर मान डोलावणारे शंभर मिळतात. चारचौघांत अडवणारा एखादाच मिळतो. त्याला शेजारी बसवावं, आणि त्याने अडवलं की अडावं.