वर आलेले मासे

शहर जिथं संपतं आणि शेतं अजून सुरू झालेली नसतात, अशा जागी एक तळं होतं. तळ्याच्या काठानं नवी वसाहत उभी राहिली होती. तिथं कुमुदिनी नावाच्या एक बाई राहत. सगळे त्यांना काकू म्हणत.

काकूंना एक वेड होतं. रोज सकाळी त्या तळ्याच्या पायरीवर जाऊन बसत आणि रोहू मासे बघत. हा खोल पाण्यातला मासा, सहजासहजी दिसत नाही. पण न हलता, न बोलता बसून राहिलं, की हिरव्या पाण्याखाली आधी एक सावली सरकते, मग तिच्यामागून कितीतरी. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एक वळला की सगळे वळतात. आणि नुसती बांगडी वाजली तरी अख्खा घोळका नाहीसा होतो.

"कुणीतरी चला ना माझ्याबरोबर," काकू शेजाऱ्यांना म्हणत. "एकदा बघाल तर रोज याल."

लोक हसत. जे येत, ते जरा वेळ थांबत, "कुठं काय आहे?" म्हणत, पावाचे तुकडे पाण्यात भिरकावत आणि निघून जात. पाणी दिवसेंदिवस दाट हिरवं होत चाललं होतं.

एकदा सलग काही दिवस आभाळ भरून राहिलं. ऊन नाही, वारा नाही. रविवारी सकाळी काकू घराबाहेर पडल्या, तर तळ्यावर ही गर्दी! मुलं, म्हातारी माणसं, सगळी वसाहत काठावर लोटली होती.

"काकू, लवकर या!" वसाहतीचे अध्यक्ष वसंतराव लांबूनच ओरडले. "तुमचे मासे दर्शन द्यायला आलेत!"

खरंच, पाण्यावर जिकडे तिकडे मासे. मोठाले रोहू अगदी काठाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते. मुलं टाळ्या वाजवत होती.

"तुम्ही सांगत होता ते खरं निघालं हं काकू," शेजारची रेहाना म्हणाली. "किती सुंदर आहेत!"

पहिल्यांदाच काकूंचं बोलणं लोकांना पटलं होतं. त्यांचा चेहरा खुलला. पण मग त्यांनी पाण्याकडे नीट पाहिलं. आज मासे एका दिशेला तोंड करून नव्हते. जो तो आपापला, तोंड वर करून लटकलेला. काकूंनी वाकून पाण्यात हात मारला. एकही मासा पळाला नाही.

"हे खेळायला आलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "यांचा जीव गुदमरतोय. इतके दिवस ऊन नाही, वारा नाही, पाण्यातली हवा संपलीय. पाव टाकू नका. बादल्या आणा, पाणी ढवळा!"

"अहो काकू," वसंतराव हसले, "आज कुठं लोक आनंदानं आलेत. कशाला विरजण घालता? उद्या बघू."

आज काकू गप्प बसल्या असत्या, तर सगळी वसाहत त्यांच्यावर खूश राहिली असती. पण त्या तडक घरी गेल्या आणि बादली घेऊन आल्या. पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. बादली भरायची, डोक्याच्या वर न्यायची आणि उंचावरून पाणी तळ्यात सोडायचं. पुन्हा भरायची.

कुणी हसलं, कुणी मोबाईल काढला. काकूंचे दंड भरून आले, साडी भिजून जड झाली. त्या थांबल्या नाहीत.

तेवढ्यात एक मोठा रोहू आडवा झाला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं. पाठोपाठ दुसरा. टाळ्या थांबल्या.

"अम्मीची घागर आणते," म्हणत रेहाना घराकडे पळाली. मग मुलं पाण्यात शिरून हातापायांनी पाणी उडवू लागली. वसंतरावांनीही जाऊन बागेचा पंप ओढत आणला, त्याचा एक पाइप तळ्यात सोडला आणि दुसरा हातात उंच धरला. तळ्यातलंच पाणी कारंज्यासारखं तळ्यात कोसळू लागलं.

दुपारपर्यंत सगळे राबत होते. काही मासे मेले. ते काढून काठावर पुरावे लागले. मग आभाळ निवळलं, ऊन पडलं, आणि पाण्यावरची तोंडं एकेक करून दिसेनाशी झाली.

"गेले कुठं?" वसंतरावांनी घाबरून विचारलं.

"खाली," काकू म्हणाल्या. "आपल्या घरी."

सगळे ओलेचिंब होऊन काठावर बसले. समोर नुसतं पाणी होतं, बघण्यासारखं काहीही नव्हतं. तरी बराच वेळ कुणी उठलं नाही.

तात्पर्य एवढंच: ज्यानं रोजचं सुख डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यालाच संकट ओळखता येतं, आणि ओळखलं, की सगळ्यांना पटेपर्यंत थांबायचं नसतं, आपण पाण्यात उतरायचं असतं.