शिखर असलेला पिंजरा

"पोरगी तोंड उघडत नाही म्हणतेस ना? हा पिंजरा बघू दे तिला. घडाघडा बोलेल."

एका गावात देव्हारे घडवणारा एक सुतार होता, तो हे आपल्या बायकोला कामाच्या पडवीत हळूच सांगत होता. हळूच म्हणजे त्याच्या मानाने हळूच. रंध्याच्या आवाजावर बोलून बोलून त्याचा गळा मोठा झाला होता. त्यामुळे दाराआड ताक घुसळत बसलेल्या नव्या सुनेला शब्दन्‌शब्द ऐकू आला. तिने रवी थांबवली नाही. थांबवली असती तर ऐकल्याचं कळलं असतं.

सून लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर माहेरचे दोन गिनीपिग आले होते. दोघी बहिणी. उंदराहून मोठ्या, सशाहून लहान, बिनशेपटीच्या. मोठी ती तांबडी, धाकटी ती ठिपकी. कोथिंबीर चिरल्याचा आवाज आला की दोघी 'कुईक कुईक' करून घर डोक्यावर घ्यायच्या. सुनेचा आवाज जेमतेम. तिच्या वाटचं त्याच बोलायच्या.

सासरची माणसं भली होती. फक्त सगळी उंच होती. फळ्या, खुंट्या, दाराच्या कड्या, सगळं त्यांच्या हाताला बेतलेलं. मसाल्याचा डबा काढायला सून पाटावर पाट ठेवून चढायची आणि कुणी यायच्या आत उतरायची.

दोघी गिनीपिग कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली राहत होत्या. ते सुताराला बघवेना. "माहेरची सोबत आहे ती तिची," तो म्हणाला, "आणि आपण ती डालग्याखाली ठेवायची?"

मग त्याने हातातला देव्हारा बाजूला सारला आणि आठ दिवस खपून पिंजरा केला. सागवानी, तीन मजली, खांबांवर मोर कोरलेले, माथ्यावर शिखर आणि शिखरावर कळस. त्याचा एकच नियम होता: ज्याच्यावर माया, त्याला उंच बसवायचं. सगळ्यात वरच्या मजल्यावर त्याने गवत ठेवलं, मधल्यावर पाण्याचं भांडं, खालच्यावर झोपायला एका दाराचं खोकं. मजल्यांना जोडायला निमुळत्या घसरणी. आणि सबंध पिंजऱ्यात खिळा एकही नाही. सगळं खाचांत आणि खुंट्यांवर.

"खिळा कशाला? कोवळ्या पायांना टोचायचा," तो म्हणाला.

सुनेने ते वाक्य ऐकलं आणि तिला भरून आलं. माहेरीसुद्धा त्या दोघींच्या पायांचा विचार कुणी केला नव्हता. पण दोघी खालच्या मजल्यावर कोपरा धरून बसल्या होत्या आणि वर बघतही नव्हत्या, हेही तिने पाहिलं.

"कसा झालाय?" सुताराने विचारलं.

पाहायला आळीतल्या बायका जमल्या होत्या. "अगं बाई, हिच्या उंदरांना शिखर!" एकजण म्हणाली. "नारळ आणू का फोडायला?"

सगळे हसले, आणि सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"छान आहे," सून म्हणाली.

एवढ्या दोन शब्दांवर सुतार दिवसभर गुणगुणत होता.

चार दिवस गेले. तांबडी धडपडत वर जायची, खाऊन यायची आणि खोक्याच्या दारातच अंग टाकायची. आत गेलेली ठिपकी आतच अडकायची. कधी निसटलीच तर घसरणीच्या निम्म्यावरून मागे फिरायची. पाचव्या दिवशी ती तिथूनच खाली पडली आणि मागचा पाय उचलून चालायला लागली. सासूबाईंनी कोथिंबीर चिरायला घेतली, तर पिंजऱ्यातून ठिपकीचा आवाज नाही.

"ही खाईना, शिट्टी देईना. वाळली की गं पोर!" सासूबाई म्हणाल्या.

"उंचीची सवय नाही तिला," सुतार म्हणाला. "होईल सवय."

सून त्या वेळी पाटावरच्या पाटावर उभी होती. सवय कशी होते ते तिला ठाऊक होतं. माणूस पाटावर पाट ठेवतो. ठिपकीने काय ठेवावं?

आपण 'छान' म्हणालो, आणि त्याचा मार ही खाते आहे, हे तिच्या मनातून जाईना. बोलावं, तर एवढ्या मायेने केलेल्या वस्तूला नावं ठेवल्यासारखं होणार. न बोलावं, तर ठिपकी काही दिवसांचीच सोबती. ती खाली उतरली, पिंजऱ्याचं दार उघडलं, दोघींना पदरात घेतलं आणि सरळ कामाच्या पडवीत गेली. तिथे जमिनीवर भुशाचा पातळ थर होता. त्यावर तिने दोघींना सोडलं.

सुताराचा रंधा थांबला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

दोघी आधी दबकल्या. मग तांबडी भिंतीच्या कडेने सुटली, पार टोकाला गेली, वळली, परत आली. तिच्यामागे लंगडत ठिपकी. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. भुशात नखांच्या बारीक रेघा उमटत गेल्या, सरळ आणि लांबच लांब.

"मामंजी," सून म्हणाली. आवाज कापत होता, पण होता. "पिंजरा फार सुंदर झालाय. इतकं देखणं घर मी माणसांचंही पाहिलं नाही. पण तो उभा आहे. या चढणाऱ्या नाहीत, धावणाऱ्या आहेत. यांना उंची नको, जमीन हवी."

सुताराचा चेहरा उतरला. "म्हणजे आठ दिवस मी..."

सुनेला वाटलं, संपलं. आता परत तोंड उघडायला नको.

सुतार खाली वाकला. त्याने गज घेतला आणि भुशातली रेघ मोजली. "चार हात जातात, मग वळतात," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, शिखराकडे पाहिलं, आणि एकदम हसत सुटला. "अगं, जन्मभर मी देवांना बसवत आलो. देव कुठे धावतो?"

"आणि हिला विचारलंत का आधी?" सासूबाई म्हणाल्या. "का नुसतं 'बोलेल, बोलेल'?"

खिळा नव्हता हे किती बरं झालं. मोगरीचे चार ठोके आणि खुंट्या सुटल्या. तीन मजले उतरून सुताराने खिडकीखाली ओळीने मांडले, मधल्या भिंती काढल्या, घसरणी काढल्या. शिखराच्या खाली त्याने दार कापलं आणि ते शिखरच झोपायचं घर म्हणून आत ठेवलं.

"मामंजी, एक दार मागच्या बाजूलाही," सून म्हणाली. या वेळी आवाज कापला नाही. "एकीने हे अडवलं तर दुसरीला ते."

"हे मात्र घरोघरी हवं," सासूबाई म्हणाल्या.

आळीतली ती बाई पुन्हा आली. "अगं बाई, देव्हारा आडवा का पडला?"

"पडला नाही," सुतार म्हणाला, "पसरला."

दोन दिवसांत ठिपकीचा पाय टेकला. चौथ्या दिवशी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली आणि मध्येच लाही फुटावी तशी टुण्‌कन उडाली. सासूबाईंनी विळी घेतली मात्र, दोन शिट्ट्या एकदम आल्या.

पुढे सुतार गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगायचा, आणि वर हे जोडायचा: "तात्पर्य एवढंच. माया आपल्या मनाने करावी, पण जागा राहणाऱ्याला विचारून करावी. आणि राहणाऱ्यानेही नुसतं 'छान' म्हणून आपल्याला फसवू नये."

पण त्या दिवशी त्याने सुनेला फक्त इतकंच विचारलं, "पोरी, अजून काही चुकलं असेल तर आत्ताच सांगून टाक."

सून दोघांकडे बघून म्हणाली, "मामंजी, सासूबाई, पिंजरा बघून मी घडाघडा बोलेन असं तुम्ही म्हणालात ना, ते मी दाराआडून ऐकलं होतं. या दोघींच्या पायांची काळजी घेणाऱ्या घरात मी आले, याहून जास्त मला काही नको. पण आता बोलतेच आहे तर सांगते: ती मसाल्याची फळी हातभर खाली घ्याल का?"