गोड गळ्याचा गजर

घड्याळ-रेडिओ नुकतेच लोकांच्या उशाशी येऊन बसले होते, तेव्हाची ही गोष्ट. एसटी ड्रायव्हर भानुदास गायधनेकडेही एक आला आणि किल्लीचं जुनं गजराचं घड्याळ कपाटावर गेलं.

"तू नुसतं ठणाणा करतंस. मी गाण्यानं उठवतो," रेडिओ नाक मुरडून म्हणाला.

घड्याळाला ते लागलं.

सकाळी सहाला रेडिओनं भक्तिगीत लावलं. भानुदासनं ते ऐकत कूस बदलली आणि तो पुन्हा गाढ झोपला. त्याची गाडी वेळेवर सुटली नाही. दवाखान्याला निघालेली माणसं स्टँडवर ताटकळली आणि साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं.

घरी येताच त्यानं घड्याळ खाली काढून किल्ली दिली.

"माझ्या गाण्यात काय वाईट होतं?" रेडिओ फणकारला.

"काहीच नाही, म्हणून तर तो झोपला," घड्याळ तुच्छतेनं म्हणालं. "तुला उठवायला आणलं होतं, त्याला रिझवायला नव्हे."