नळापलीकडचे कण्हणे

एकदा एका डोंगरात पाण्यासाठी भुयार खोदताना दरड कोसळली आणि सटवाजी नावाचा मजूर आत अडकला. आत हवा जावी म्हणून मातीचे भाजके नळ एकाला एक जोडून नेले होते. वाटेतल्या मजुरांनाही हवा मिळावी म्हणून त्यांना ठिकठिकाणी आखूड, उघडे फाटे होते. नळ तेवढे शाबूत राहिले, आणि दरडीच्या अलीकडचे फाटेही उघडेच होते.

ध्वनीचा अभ्यास करणारा एक शिष्य तिथे होता. असे जोडनळ त्याने गुरूंपाशी घंटा वाजवून शेकडो वेळा तपासले होते. त्याने नळाला कान लावला, घटकाभर ऐकले आणि सांगून टाकले, “आत कोणी जिवंत नाही.” शिकलेल्या माणसाचा शब्द, तो कोण मोडणार? खोदकाम थांबले. सटवाजीच्या बायकोलाही त्यानेच धीर दिला, “तो जागच्या जागी गेला. त्याला यातना झाल्या नाहीत.”

पुढे प्रेतासाठी सावकाश दरड उपसली, तेव्हा चौथ्या दिवशी ते निघाले. ओठ नळाच्या तोंडाला टेकलेले होते.

शिष्याने गुरूंपुढे येऊन घडले ते सांगितले. सगळे ऐकून वृद्ध गुरू नळ जोडू लागले. फाटे तसेच, उघडे. शिष्याला भिंतीपलीकडच्या टोकाशी बसवून त्यांनी घंटा वाजवली. ती स्वच्छ ऐकू आली. मग ते जमिनीवर आडवे झाले आणि नळात कण्हले. काहीच आले नाही. त्यांनी ओल्या मातीने फाटे बुजवले व पुन्हा कण्हले. या वेळी ते कण्हणे थेट कानात आले आणि शिष्य ढसाढसा रडू लागला.

गुरू म्हणाले, “उंच, बारीक आवाज फाटे ओलांडून जातो. खालचा, घोगरा आवाज फाट्यांतून बाहेर पडून विरतो. ऐकू आले नाही, हे तुझे खरे होते. ‘कोणी नाही’ हे तू पदरचे जोडलेस, बाळा.”

“चूक माझी आहे, गुरुजी.”

“अर्धी. घंटा मीच तुझ्या हाती दिली. कानाला गोड लागते म्हणून जन्मभर तिच्यावरच प्रयोग केले. मरणारा माणूस कसा बोलतो, हे मला कधी सुचलेच नाही.”

शिष्य म्हणाला, “त्याच्या बायकोला मी सांगितले ते तसेच राहू द्यावे का? तिला त्याने झोप लागते.”

“तिला, की तुला?” गुरूंनी विचारले आणि ते काठी घेऊन उठले. “चल, मीही येतो.”

सटवाजीच्या बायकोने दोघांचे बोलणे उंबऱ्यात बसून पुरते ऐकले. ती रागावली नाही, रडली नाही. तिने एवढेच विचारले, “काय म्हनत व्हते वो ते?”